पाठ फिरवून

वडणग्याच्या गुऱ्हाळातला गूळ,
मक्याचं पीठ, यीस्ट, अगार.
शिजताना लॅबभर काकवीचा वास.
माश्यांचा स्वयंपाक मीच करते,
घरी कधी केला नाही इतका मन लावून.

बाटली क्रमांक एकेचाळीस. कापसाचं बूच.
आत सत्तावीस माश्या, बिनपंखांच्या,
काचेवरून निमूट चालताहेत,
उडणं म्हणून काही नसतंच जणू.

पंखांचं जनुक शाबूत आहे त्यांचं.
वाचून काढलंय मी, अक्षर न् अक्षर जागेवर.
मी कापला तो तुकडा निराळा,
लांब, कडेला पडलेला,
ज्यातून स्वतःचं काही बनत नाही.
जुन्या पुस्तकांत त्याला कचरा म्हटलंय.

आबांना फोनवर सांगितलं.
"चिलटं व्हय? आन् त्यास्नी पंख न्हाईत म्हून तू रडतीस?"
रडत नव्हते. सर्दी होती.

आबांनी चाळीस वर्षं हलगी वाजवली
हौद्याच्या कडेला उभं राहून.
पोस्टरवर पैलवानांचे फोटो, इनामाचे आकडे,
खाली सौजन्य म्हणून एक सिमेंटवाला.
आवळे हे नाव कुठंच नाही.

एकदा बिदागीवरून बिनसलं,
हलगी गप्प.
दोन तगडे गडी अर्धा तास
नुसते हातात हात अडकवून उभे,
अंग तेच, डाव तेच, खुराक तोच.
लोक चपला शोधायला लागले.
मग आबांनी कागद पेटवला, कातडं शेकलं,
आणि पंचांकडे बघायचं नाही म्हणून
मैदानाकडे पाठ करूनच
पहिली थाप मारली.
मागं धप्प आवाज झाला.
कोण पडलं, ते त्यांनी बघितलं नाही.

काल मी तो तुकडा परत जोडला,
मुद्दाम उलटा,
चकाकणाऱ्या प्रथिनाच्या जनुकापासून दूर.
रात्री सव्वादोन. खोलीत अंधार.
धागा कुठंतरी वळला असणार,
लांबचं जवळ आलं असणार;
अळीच्या पोटात, पंख व्हायच्या जागी,
एक हिरवी रेघ.
पुसट. मग नाही पुसट.

बोटं टेबलावर वाजत होती, माझीच.
शेजारच्या बाकावरची शबाना शिकलगार म्हणाली,
हळू, माश्या जाग्या होतील.

तुकड्याला नाव द्यावं लागतं.
सर दोनदा विचारून गेले.
रकान्यात अजून पेन्सिलीनं
एकेचाळीसच लिहिलंय.