बारा म्हणजे बारा नसतंय

उद्यमनगरात, शिकलगारच्या शेडमध्ये,
आबांच्या पद्मिनीचा डॅशबोर्ड
रविवारी आम्ही उताणा पाडला.
सहा स्क्रू निघाले, सातवा गंजलेला.
त्याला इलाहीने डिझेल पाजलं, वर एक शिवी,
मग तो आला.

आतून आधी गुलाल आला.
कुठल्या चैत्रातला कोण जाणे,
जोतिबाच्या डोंगरावरून उतरताना
काचा खाली राहिल्या त्या वर्षीचा असेल.
वायरींच्या गुंत्यात इतका काळ गप्प बसलेला
आता माझ्या मनगटावर, टेस्टरवर, इलाहीच्या भुवयांवर.
मागून एक चाराणे, माझी शाळेतली पिन,
आणि ऑइल बदलल्याची चिठ्ठी,
किलोमीटरचा आकडा आबांच्या अक्षरात.

पत्रा कापायचा म्हणजे मोजायला हवं.
मी व्हर्नियर लावला, सव्वासात इंच,
लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर चौकट आखली;
कापताना शुभमंगल एकीकडे गेलं, सावधान दुसरीकडे.
आबा स्टुलावर बसून बघत होते.
साचेकामात चाळीस वर्षं काढलेला माणूस
भोकाकडे भोक म्हणून बघत नाही,
आत काय ओतणार ते विचारतो.

"ह्यात काय काय दिसतंय?"
गाणी, नकाशा, मागचा कॅमेरा.
"मागचं बघायला आरसा हाय की."
"आरशात बंपर दिसत नाही, आबा."
"बंपर कुठं पळून चाललाय?"

सीटखाली जुन्या लॅपटॉपचं काळीज,
बिस्किटाच्या डब्यात बसवलेलं,
डब्याला भोकं, भोकांशी एक पंखा.
चावी फिरवली. स्क्रीन उजळला.
स्टार्टर ओरडला, आणि काळोख.
पुन्हा पहिल्यापासून,
जणू आम्ही कोण हेच त्याला आठवेना.
तीनदा असं झालं.
चौथ्यांदा इलाहीने मीटर धरला:
"बारा म्हणजे बारा नसतंय गं.
गाडी उठताना आठवर येतंय.
सगळ्यांचंच येतंय."

मग स्कूटरची बॅटरी, एक रिले, एक डायोड.
घर जागं होताना ज्याची झोप मोडू नये
त्याला वेगळं अंथरूण.

"आबा, लावा बोट."
त्यांनी लावलं. काही नाही.
दाबलं, ओली वाळू साच्यात दाबावी तसं.
काही नाही.
वाळूने आणि तापल्या लोखंडाने
ज्या बोटांचे ठसे केव्हाच नेले,
रेशनच्या मशीनलाही ज्यांची ओळख पटत नाही,
ती बोटं या काचेला हवा वाटत होती.
इलाहीने लावलं, चाललं.
शेडमधल्या पोराने ग्रीसचं बोट लावलं,
तेही चाललं.
"थांबा, मी सेटिंग बदलतो," मी म्हटलं.
सेटिंगमध्ये हातमोज्यांची सोय होती,
मोल्डरची नव्हती.

आबांनी वाद घातला नाही.
पगाराच्या दिवशी नोटा मोजताना लावायचे
तसं बोट जिभेला लावलं
आणि काचेवर ठेवलं.

कसलंसं गाणं लागलं. ते नको होतं.
पुन्हा जीभ, पुन्हा बोट.
कोल्हापूर पसरलं.
ओल्या बोटाने त्यांनी पंचगंगा वर ढकलली,
रंकाळा बाजूला सारला,
चष्मा कपाळावर घेऊन वाकले, बराच वेळ.
"फाउंड्रीचं गेट दुसऱ्या गल्लीत दावलंय."
कळवूया का कंपनीला?
"नको. ज्याला जायचंय त्याला म्हाईत हाय."

दिवेलागणीला काच पुसायला फडकं घेतलं.
थुंकी सुकली होती, गुलाल तिथे धरला होता,
सात-आठ गुलाबी गोल,
आत एकही रेघ नाही.
फडकं मी परत डब्यावर टाकलं.

इलाहीने बिल मांडलं, डायोडचे पैसे विसरला.
सातवा स्क्रू काही परत बसलाच नाही,
घरापर्यंत आबांच्या खिशात
चाराण्याशी वाजत राहिला.