पाऊण तास मागे

वायतांगीच्या खाडीवर धुकं बसलंय.
वेलिंग्टनचं विमान सकाळशिवाय नाही.
तामाती म्हणतो, "काही नाही गं, मेरेआना,
शेवंडांचे पिंजरे ओढले, त्याची कळ."

मी त्याचं बोट टोचते.
चाळीस वर्षं दोर ओढलेलं बोट,
सुईला दाद देत नाही.
दुसऱ्यांदा एक थेंब, जाडसर,
पट्टीच्या खाचेत.
यंत्राची कळ दाबते.
सतरा मिनिटं.

तो डिझेलच्या भावावर बोलतो,
फुटलेल्या विंचवर,
मार्चात बेट सोडून गेलेल्या पोराबद्दल
अवाक्षर नाही.

आकडा येतो. चांगला आहे.
तो खाटेखाली बूट चाचपतो.
"बस. जखम ताजी असली
तर रक्ताला उशिरा कळतं.
तीन तासांनी पुन्हा."

"एवढं काय ते कळायचं राहिलंय?"

मी उत्तर देत नाही.
छातीवरच्या तारा नीट करते.
धुक्यात जनरेटरची धडधड,
मध्येच एक ठोका चुकवणारी.

खूप वेळाने, भिंतीकडे बघत:
"ऑकलंडला किती वाजले असतील?"

हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.
"आपल्याहून पाऊण तास मागे,"
मी म्हणते,
आणि फोन त्याच्या
न टोचलेल्या हाताशी सरकवते.