रंग सांगा, शब्द वाचू नका

कोष्टी मॅडमनी घड्याळाचं बटण दाबलं.
"काका, शब्द वाचायचा नाही. शाईचा रंग तेवढा सांगायचा."
कागदावर 'लाल', निळ्या शाईत.
'हिरवा', पिवळ्या.
खिडकीखाली मिरज स्टेशनच्या रिक्षा,
पलीकडं कुणाचं तरी पोर सुईला रडतंय,
आणि मुद्दाम लावलेला रेडिओ बाजारभाव सांगतोय:
हळद, बेदाणा, गूळ.
मी म्हणत गेलो, निळा, पिवळा, जांभळा, निळा.
एका ठिकाणी अडलो. ह्याला हिरवा म्हणू का बाटलीहिरवा?
"हिरवा चालेल," त्या हसल्या.

शिडीवरून पडलो त्याला सव्वा महिना झाला.
डोक्याला अकरा टाके.
आता बघतायत,
नको ते बाजूला सारता येतं का मला.

मॅडम, चाळीस वर्षं दुसरं काय केलं?
निजाम पेंटरचा हात वाचत नसे.
शिरोरेघ सरळ, काना किती जाड,
'श्र'चा फाटा कुठवर न्यायचा,
दोन अक्षरांत बोटभर हवा.
भिंतीवर कोण निवडून येणार,
कुठल्या दुकानात किती टक्के सूट,
मला विचारू नका.
शिडीखालून वरात गेली,
म्हैस डब्याला तोंड लावून गेली,
रेघ हलली नाही.

सुकुमार चौगुले गेला त्या रात्री
पोरं फळा घेऊन आली.
माझे रंग तोच कालवून द्यायचा,
दुकानात, मालकाला न सांगता चमचाभर जास्त.
काळ्यावर पांढरा.
'सु'चा उकार खाली सैल सोडला.
'भावपूर्ण' ओळीत बसेना,
नेहमीसारखा दाबून बसवला.
पोरांनी पैसे दिले, मोजले, बरोबर होते.
जेवलो. झोपही लागली.

सकाळी गणपती पेठेतून सायकलवर जाताना
चौकात तो फळा दिसला,
आणि वाचला.
उतरलो तिथंच.
घरापर्यंत सायकल हातात धरून.

"बावन्न सेकंद," मॅडम म्हणाल्या, "चूक एकही नाही.
तुमच्या वयाला फारच छान."
त्यांनी तसं लिहिलंही.

मी कागद परत मागितला.
"आता कशाला?"
म्हटलं, एकदा वाचतो.
लाल. हिरवा. निळा.
घड्याळ त्यांनी बंदच ठेवलं.
चौथ्या ओळीत 'पांढरा' होता, काळ्या शाईत.
तिथं जरा वेळ लागला.