नाव घालून मिळेल

भांडी बाजारात पहिल्या मजल्यावर माझं एडिटिंग,
खाली निवृत्ती तांबट भांड्यांवर नावं घालतो.
त्याची सुई टर्रर्र करत पितळेत शिरली
की माझ्या टेबलावरचा माउस थरथरतो.
लग्नसराईत आम्ही दोघं
एकाच नवरा-नवरीवर राबत असतो,
तो तांब्यावर, मी टाइमलाइनवर.

स्नेहल सोनजे आल्या त्या दुपारी
पेन ड्राइव्ह रुमालाच्या गाठीत,
नथ मोडायला आणावी तसा.
फाईलचं नाव ‘लग्न फायनल’, पुढे टिंब, पुढे एमपीफोर.
सॉफ्टवेअरनं हुंगली नि टाकली.
पुन्हा ओढून आणली, पुन्हा तेच:
फॉरमॅट ओळखीचा नाही.

"पुतण्यानं बदलून दिलंय," त्या म्हणाल्या,
"आधी शेवटी डॅट होतं. आता कुठंही चालेल म्हणाला."
नाव सोनूबाई, असं तोंडावर आलं माझ्या,
गिळलं.
म्हटलं, बघा ताई, हा डबा आहे.
वरचं नाव खोडून दुसरं घातलं
म्हणून आतल्या डाळीचा रवा होत नाही.

त्या काही बोलल्या नाहीत.
बोटातली अंगठी फिरवत राहिल्या.

माझ्याकडे एक छोटंसं साधन आहे,
ते नाव वाचतच नाही, थेट आत डोकावतं.
आत निघालं एमपेग वन,
तीनशे बावन्न बाय दोनशे अठ्ठ्याऐंशी,
सेकंदाला पंचवीस चित्रं.
म्हणजे व्हीसीडी.
दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला पाणी लागलं त्या वर्षी
ती कपाटाच्या खालच्या खणात भिजली होती,
यांनी पदरानं पुसून पिठाच्या डब्यामागे उभी केली.

रूपांतराला अकरा मिनिटं.
तेवढ्यात चहा.
मग उघडला ओझरचा मांडव:
मामांच्या तोंडावर हिरवे चौकोन,
वाजंत्री अर्धी, करवली दोनदा,
आणि दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या.
ताणून भरू का? सगळे भरून घेतात.
"नको," त्या म्हणाल्या, "आमचे अण्णा बारीकच होते."

ताटात तांदूळ पसरलेले.
नवऱ्याची अंगठी तांदळातून फिरते,
कॅमेरावाला हौशी, पार ताटात शिरलाय:
स्ने. ह. ल.
टाळ्या.
मी तिथं खूण करणार, तर
"इथं नाही. थोडं मागं घ्या."

मागं घेतलं.
खांबाला टेकून एक बारीक माणूस,
टोपी हातात, ओठ हलतात
आणि आवाज त्या ओठांवर नाही,
मागून येतो, चुकलेल्या वऱ्हाड्यासारखा.
जुना आवाज चव्वेचाळीस पॉइंट एकचा, माझी टाइमलाइन अठ्ठेचाळीसची;
अशा सोयरिकीत कुणीतरी मागं पडतंच.
चौदा फ्रेम अलीकडे ओढला.
एक कमी केली. पुन्हा एक वाढवली.
बसला.

"चंद्रकले, चप्पल कुठंय गं तुझी?"

बस, एवढंच.
त्यांनी सात वेळा लावायला सांगितलं.
सातव्यांदा त्या पडद्याकडे बघतही नव्हत्या,
खाली स्वतःच्या पायांकडे बघत होत्या.

सगळं लग्न एका फाईलीत काढलं,
पंचविसाव्या वाढदिवसाला, मुलासाठी: स्नेहल.
मग हे नऊ सेकंद वेगळे.
सवयीनं तेच नाव टाइप झालं
आणि मशीननं विचारलं,
या नावाची फाईल आधीच आहे,
ती पुसून ही ठेवायची?
माझं बोट ‘हो’वर गेलेलं.

"नाही म्हणा," त्या म्हणाल्या
आणि कीबोर्ड आपल्याकडे ओढला.
एका बोटानं, अक्षर शोधत शोधत,
क सापडायला वेळ लागला.

पैसे देताना सुटे नव्हते, मी वीस रुपये सोडले.
जिना उतरल्या.
थोड्या वेळानं माउस थरथरला.

दिवेलागणीला शटर ओढताना निवृत्ती म्हणाला,
वाटी एवढीशी आणि नाव हे लांब.
शेवटी ‘कला’
खालच्या ओळीत घेतलं.