दोन बोटं

ट्यूबवर पन्नास लिहिलं होतं.
मला वाटलं, बरं झालं,
आपलं ऊन सत्तेचाळीसला थांबतं,
तीन अंश तरी हाताशी उरतील.

डॉक्टर खोब्रागडे हसल्या नाहीत.
मेडिकलची ओपीडी, नंबर एकशे बारा,
मागे लाइन, वर पंखा आपल्याच तंद्रीत,
तरी त्यांनी पेन खाली ठेवलं.
म्हणाल्या, हा आकडा तापमानाचा नाही.
जाळणाऱ्या किरणांचा पन्नासावा हिस्सा
तरीही आत येतो,
आणि तेही भरपूर लावलं तर.
तुम्ही लावता पापडाला तेल पुसल्यासारखं.
दोन बोटं भरून घ्या, चेहऱ्याला आणि मानेला.
हातांचं वेगळं.
दर दोन तासांनी पुन्हा, घाम आला तर त्याआधी.
मी म्हटलं, मॅडम, मे महिन्यात
घाम दिसायच्या आत वाळतो,
मीठ तेवढं राहतं. मीठ आलं की लावू का?
तेव्हा हसल्या.

मी मीटर वाचते.
पाचपावली, तांडापेठ, गोळीबार चौकाच्या मागच्या गल्ल्या.
मीटर नेहमी उन्हाकडच्याच भिंतीवर असतं,
कोणी ठरवलं कोण जाणे.
डाव्या हातावर कोड आलं त्याला चार वर्षं झाली.
आधी नखाएवढं, मग रुपयाएवढं,
मग नकाशाच.
पाणी मागितलं तर ग्लास ओट्यावर येतो,
हातात नाही.
आपल्या भाषेला काय सुचलं असेल
हाच शब्द उचलून कौतुकाच्या मागे लावताना:
कोडकौतुक.

बाकीची कातडी काळवंडते, सांभाळून घेते.
या तुकड्याला काळवंडता येत नाही,
तो सरळ भाजतो.

कमाल चौकातला पौनीकर म्हणाला,
गोरं व्हायची क्रीम थ्या कपाटात आहे ताई,
हे लावून कोणी गोरं नाही होत.
म्हटलं, झाले तेवढी पुरे.
साडेपाचशे रुपये. पन्नास ग्रॅम.
डॉक्टर सांगतात तसं लावलं
तर आठवडाही पुरत नाही.
म्हणून मलम नकाशाला आणि तोंडाला,
बाकी मला जुन्या चादरीच्या बाह्या
आणि डोळे सोडून सगळीकडे ओढणी.

पारमी अकरावीला आहे, डब्यावरची बारीक अक्षरं वाचते.
आई, यातलं एक रसायन रक्तात उतरतं म्हणे.
पुढच्या खेपेला मी तेही विचारलं.
उतरतं थोडं, डॉक्टर म्हणाल्या.
त्यानं माणसाचं काही बिघडल्याचं सापडलेलं नाही,
अजून शोधतायत.
मनात शंका असेल तर जस्ताचं घ्या,
ते वरच्या वर बसतं.
उन्हानं काय बिघडतं
ते मात्र शोधायला नको, तुमच्या हातावर आहे.

जस्ताचं घेतलं.
ते लावलं की पहिला अर्धा मिनिट
सगळा हातच पांढरा होतो,
कोड कुठे सुरू, कुठे संपलं, कळत नाही.
मग चोळलं की रंग परत येतो
जिथे यायचा तिथेच.
साडेसातला गाडी काढायची असते,
पण त्या अर्ध्या मिनिटाची
मी घाई करत नाही.

काल धकाते काकूंनी फाटक उघडलं.
काऊन वं, हाताले काय लावलं?
मलम. उन्हाचं.
फरक पडते काय?
मी बाही वर केली.
हा डाग मागच्या मेमधल्या फोडाचा.
हा त्याच्या आधीच्या.
आणि या मेमधला? त्या म्हणाल्या.
शोधा.
त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला,
माझं मनगट धरलं, उजेडाकडे फिरवलं,
आणि वाचत राहिल्या खालपासून वरपर्यंत,
मी आकडे वाचते तशा,
ओठ हलवत.

नाही दिसून रायला, म्हणाल्या.
हात तसाच धरून मीटरकडे मान वळवली.
आमचं बिल मात्र लय येऊन रायलं,
थे पाहा आधी.