अस्तर

बेल्सँसच्या उतारावर माझं चौकटींचं दुकान,
समोर हागोप शिंप्याचं.
त्याचा आजा मराशहून अलेप्पोला चालत आला,
बाप अलेप्पोहून बेरूतला,
हा बोटीनं इथं, मार्सेयला.
दर पिढीनं एक गाव उसवलं,
दोरा तेवढा जपून ठेवला.

त्याची बायको एचाती, कोमोरो बेटांवरची.
पोवळ्याच्या खडबडीत दगडावर चंदन उगाळायची
आणि तोंडाला पिवळा लेप थापून
तशीच दुकानाचं शटर वर करायची.
गिऱ्हाइकं दचकायची.
पुढे पुढे, लेप नसला की विचारायची,
बरं नाही का आज?

या दोघांची नेवार्त.
बापाशी एक भाषा, आईशी दुसरी,
भांडण तिसरीत.
आकडे मात्र बोटांवर,
मुकाट.

चित्रशाळेत मास्तर म्हणाले,
तुझ्या मुळांचं काहीतरी काढ.
तिनं मुळा काढला.
बाजारातला, पाल्यासकट,
किमतीची चिठ्ठी चिकटलेला.
मास्तर हसले नाहीत.
मी हसलो, इतका, की हातातली पट्टी तिरकी कापली गेली.

दुकानाच्या मागच्या दांडीवर
न्यायला न आलेले कोट लोंबायचे,
कुणाची बाही आखूड केलेली,
कुणाचं बटण लावून तयार.
मापं देऊन माणसं गेली ती गेलीच.
नेवार्तनं ते कोट एकेक उलटे केले
आणि अस्तरांवर रंगवू लागली.
आईचं चंदन, बापाचा शिंपीखडू.
लाल मात्र दुकानातला, ट्यूबमधला.
अरारातच्या किड्यांचा लाल वगैरे
कुणी विचारलं तर म्हणायची,
ती गोष्ट मलाही बाहेरूनच कळलीय.

मी म्हटलं, चौकट?
ती म्हणाली, बाह्यांना कशी घालाल?
मग मी गप्प.

प्रदर्शन लागलं.
चित्राशेजारच्या कार्डावर देशासाठी एक रेघ मोकळी होती.
तिनं लिहिलं: बाही, बासष्ट सेंटिमीटर.
चौथ्या दिवशी गॅलरीच्या बाईंचा फोन,
चंदन सुकून गळतंय,
रोज सकाळी फरशीवर पिवळी धूळ.
झाडून घ्या, म्हणाली नेवार्त,
आमच्याकडेही रोज झाडतात.

आणि मग आरेझ्की आला.
गोदीतला म्हातारा,
हातात पावती, चारशे सतरा नंबर,
अकरा वर्षांची घडी पडलेली.
गावी गेलो होतो, म्हणाला, आई आजारी होती.
मग आई गेली.
मग मीच आजारी.
आता थंडी आहे, कोट द्या.

हागोप खुर्चीतून उठेना.
एचाती दगड पुसत राहिली, पुसलेलाच.
नेवार्त काही न बोलता गॅलरीत गेली
आणि भिंतीवरून कोट काढून घेऊन आली.
खाली किंमत लिहिली होती,
तेवढ्यात आमची गल्ली रंगवून झाली असती.

म्हाताऱ्यानं अस्तर पाहिलं.
बराच वेळ.
आतल्या खिशात हात घातला,
तो खिसा तिनं रंगवला नव्हता,
आणि ट्रामचं तिकीट काढलं, नीट पाहून परत ठेवलं.
बटणाचे किती?
पावतीवर आहेत तेवढेच, हागोप म्हणाला.
म्हाताऱ्यानं नाणी मोजून टेबलावर ठेवली
आणि कोट घातला.
दार उघडलं तसा मिस्त्राल वारा आत घुसला,
कोटाचा पदर उडाला,
कोपऱ्यापर्यंत पिवळं दिसत होतं.
मग त्यानं बटणं लावली.

गॅलरीतला खिळा मोकळा राहिला.
संध्याकाळी नेवार्त माझ्याकडे आली,
पावती घेऊन.
हिला घाला चौकट, म्हणाली.
नऊ बाय सहा. मी दोनदा मोजली.
हागोपचं अक्षर, डावीकडे झुकलेलं,
एका कडेला अंगठ्याचा पिवळा डाग,
कुणाचा ते मी विचारलं नाही.
काच घालू? विचारलं.
ती बाहेर बघत होती.
म्हणाली, उद्या सांगते,
आज वारा फार आहे.