धडा

बुरूड आळीतून आणलेले चार बांबू,
मधले दोन उंच, कडेचे दोन बुटके.
मधून चेंडू गेला तर सहा,
कडेनं सरकला तर एक.
एवढं मला परदेशी सरांनी पहिल्या दिवशी शिकवलं
आणि हातात वही दिली:
"तात्या, तुम्ही मार्केट यार्डातले तोलार,
तुमच्या हातून आकडा हलायचा नाही."

नाही हलला.
चौतीस वर्षं गुळाच्या ढेपा तोलल्या,
अडत्याच्या डोळ्यांकडे न बघता.

बिबवेवाडीच्या शाळेमागं चुन्याचं मोठं लंबगोल,
पोरींचा संघ,
आणि चेंडू असला लांबुळका
की टप्पा पडल्यावर कुठं जायचं
ते त्याचं त्यालाच ठाऊक नसतं.

आठ सामने. वही सांगते:
शलाका ढमढेरे, बावीस गोल.
मार्था उजागरे, तीन.
आणि कडेनं गेलेले अकरा.
दोघी फॉरवर्ड. दोघींनी उभं राहायचं ते बांबूंपाशीच.

रविवारी अमृततुल्यात यादी करायला बसलो.
कोलकात्याला न्यायच्या पंचवीस, चोवीस ठरल्या होत्या.
"तीन गोलांची फॉरवर्ड?" खजिनदार नगरकर म्हणाले,
"रेल्वेचं तिकीट तेवढंच पडतं हो,
तीनवालीला आणि बावीसवालीला."

मी वही उघडली. मिटली.

आमच्याकडे गाडी दोनदा काट्यावर चढते,
एकदा भरलेली, एकदा रिकामी.
मालाचं वजन असं कुणी पाहिलेलं नसतं,
ते वजाबाकीतून निघतं.
आठांतल्या एका सामन्याला मार्था तापानं घरी होती.
त्या दिवशी शलाकाचा गोल एक.
बाकीच्या सातांत एकवीस.

पण एका तोलावर भाव फोडू नये.
त्या दिवशी मैदान निसरडं होतं,
समोरची बॅक ताडासारखी उंच,
शलाकाचं बारावीचं काहीतरी चाललेलं.
म्हटलं, आठवडाभर थांबा.

शनिवारी वही परदेशी सरांच्या पोराकडे दिली
आणि पूर्ण सामना चेंडूकडे बघितलंच नाही.
अवघड जातं. मान आपोआप वळते.

मार्था पळते ती भलतीकडेच,
गुलमोहराच्या कडेला, जिथं चेंडू यायचं काही कारण नाही.
हात वर करून ओरडते, "इकडं! इकडं!"
आणि दोन बॅक तिच्यामागं
दावणीला बांधल्यासारख्या ओढल्या जातात.
मागं एवढी मोकळी जागा पडते
की चार पोती सहज मांडावीत.
तिथं शलाका येते.
सहा. टाळ्या.
मार्था गुलमोहराखाली वाकून
बुटाची नाडी बांधत असते.

आणि चेंडू हातचा गेला की पहिली तीच,
बॅकच्या कमरेला मिठी मारून तिला खाली आणणारी.
याला माझ्या वहीत रकानाच नव्हता.
बसच्या तिकिटामागं रेघा ओढत गेलो.
सोळा झाल्या.

सुटं तेल तोलताना आधी डब्याचा धडा करतात,
दुसऱ्या पारड्यात दगड टाकून.
दगडाचं कुणी बिल करत नाही.
गिऱ्हाइकाला तो दिसतही नाही.
पण तो काढला तर तेलाच्या भावानं पत्रा घरी जातो.

हे मी अमृततुल्यात सांगितलं, असं नीट नाही,
अडखळत, चहा निवेपर्यंत.
नगरकरांनी रेघा उलटसुलट करून पाहिल्या.
"तात्या, हे बसचं तिकीट आहे."
"हो," मी म्हणालो, "रेल्वेचं तुम्ही काढा."

संध्याकाळी मार्था किट भरत होती.
विचारलं, बाई गं, दर वेळी गुलमोहराकडेच का पळतेस?
ती हसली. बाटलीतलं उरलेलं पाणी डोक्यावर ओतलं.
"तात्या, तिकडं सावली असते."

तेही मी लिहून ठेवलंय.
कुठल्या रकान्यात, ते अजून ठरत नाही.